‘अन्टिल’च्या पोटातला ‘नाही’

‘अन्टिल’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात एक ‘नाही’ आधीपासूनच बसलेला असतो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी पहिलीपासून इंग्रजी शिकलो होतो, इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजीत काढली होती आणि तीन वर्षं इंग्रजीत मेल लिहून पगार घेत होतो. शब्द म्हणाल तर तो मला सातवीपासून पाठ होता. ‘टिल’ला दोन एल आणि ‘अन्टिल’ला एकच, ही गोमसुद्धा माहीत होती. फक्त तो वापरता येत नव्हता. आणि वापरता येत नाही, हेही माहीत नव्हतं.

हे कळायला एक सर्व्हर बंद पडावा लागला. त्याचं सांगतोच, पण आधी वहीचं सांगायला हवं.

वही म्हणजे खरं तर एका पतसंस्थेने सभासदांना वाटलेली डायरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. बार्शी डेपो. बारावीला त्यांचे बाकीचे सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला परत बसले, परत राहिलं. तिसऱ्यांदा ते परीक्षेला बसले नाहीत, एसटीच्या भरतीला उभे राहिले. ‘आपलं इंग्रजीत अडलं’ हे वाक्य आमच्या घरात मी इतक्या वेळा ऐकलंय, की एखाद्या घरात ‘आमची जमीन धरणात गेली’ असं म्हणतात ना, तसं ते वाटायचं. कुणाची चूक नाही, पण गेलं ते गेलं.

मी सातवीत गेलो त्या जूनमध्ये त्यांनी ती डायरी माझ्यापुढे ठेवली. रोज पाच शब्द. शब्द, स्पेलिंग, मराठी अर्थ. शब्द काढायला घरात एक डिक्शनरी होती आणि रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्सचं जाडजूड पुस्तक होतं. ते आप्पांनी लग्नाआधी घेतलेलं, कारण त्याच्या जाहिरातीत कपिल देव होता. कपिल देवला जमलं तर आपल्याला का नाही, असा सरळ हिशेब. त्यांना काही ते जमलं नाही. मग पुस्तक माझ्याकडे आलं.

संध्याकाळी ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन ते डायरी हातात घ्यायचे. ते मराठी अर्थ वाचणार, मी इंग्रजी शब्द आणि स्पेलिंग सांगणार. मुक्कामाची गाडी असली तर दुसऱ्या दिवशी दहा. ‘सर्वव्यापी?’ ‘युबिक्विटस. यू, बी, आय, क्यू...’ ‘फरार होणे?’ ‘अबस्काँड.’ त्यांना स्पेलिंग तपासता यायचं, उच्चार नाही. त्यामुळे आम्ही दोघंही बरेच शब्द चुकीचे म्हणत होतो आणि दोघंही खूश होतो. चार वर्षांत सहा हजारांच्या घरात शब्द झाले असतील. दहावीला मला इंग्रजीत एक्क्याण्णव मार्क पडले. आप्पांनी डेपोत पेढे वाटले.

आता गंमत बघा. आप्पा स्वतःला इंग्रजी न येणारा माणूस समजत. पण त्यांचं बोलणं कसं असायचं? ‘आज शेड्यूल कॅन्सल झालं.’ ‘परांड्याच्या अलीकडं गाडी ब्रेकडाऊन झाली, पॅसेंजर ट्रान्स्फर केले.’ ‘वेबिल क्लोज करून कॅश भरली अन् मंग आलो.’ एका वाक्यात दोन-दोन इंग्रजी शब्द, आणि एकही चुकीच्या जागी नाही. ‘वेबिल’चा डिक्शनरीतला अर्थ त्यांना सांगता आला नसता. पण वेबिल भरतात, क्लोज करतात, टॅली होतं किंवा होत नाही, चेकिंगवाला आधी वेबिल मागतो, हे त्यांना ठाऊक होतं. ‘युबिक्विटस’चं मी काय करायचं असतं, तो कशाच्या आधी येतो, कोण कुणाला म्हणतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. माझ्याकडे शब्द होता आणि बरोबरचं चिन्ह होतं आणि अर्थ होता.

पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. पहिल्या महिन्यात होस्टेलचं पाणी गेलं. आमच्या मजल्यावर सगळ्यात जवळची खोली माझी, म्हणून रेक्टरना सांगायला मला पुढे केलं. रेक्टर इंग्रजीतच बोलायचे. मनात आलं, ‘सर, पाणी पळालं.’ डायरी धावून आली. मी म्हणालो, ‘सर, वॉटर इज अबस्काँडिंग.’

पुढची चार वर्षं माझं नाव अबस्काँडिंग. (पुढे नोकरीला लागल्यावर कळलं, की नोटीस न देता नोकरी सोडून गायब होणाऱ्या माणसाला आयटीतले एचआर अगदी हाच शब्द वापरतात. म्हणजे शब्द वाया गेला नाही, पाण्यासाठी तेवढा चालत नव्हता.) मला तेव्हा काय चुकलं ते समजलंच नाही. अर्थ तर बरोबर होता! अबस्काँड व्हायला काहीतरी लपवायचं असावं लागतं, पोलीस किंवा मालक किंवा कर्ज मागे लागलेलं असावं लागतं. मराठीतसुद्धा ‘पाणी फरार झालं’ असं मी कधी म्हणालो नसतो, पण तो विचार तेव्हा डोक्यात आला नाही. इंग्रजी बोलताना आपण स्वतःच्या भाषेतली अक्कलसुद्धा दाराबाहेर ठेवून जातो की काय, असं मला आता वाटतं.

प्लेसमेंटच्या लेखी परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांत मी वर्गात पहिला यायचो. ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प बसायचो. तरी एका कंपनीत लागलो, कारण कोडिंग बरं होतं. तेवढं पुरे.

तर सर्व्हर. इंग्लंडमधल्या एका कंपनीची ऑर्डरींची सगळी माहिती आमची टीम जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवत होती. ठरलं असं होतं, की शुक्रवारी त्यांच्या संध्याकाळी पाचला, म्हणजे आमच्या रात्री साडेदहाला, आम्ही ‘सगळं बरोबर आहे’ असं कळवायचं आणि मग त्यांनी जुना सर्व्हर बंद करायचा. गुरुवारी रात्री आकडे जुळवताना मला काही हजार ऑर्डरींचा फरक दिसला. जुन्यावर होत्या, नव्यावर नव्हत्या. शुक्रवारपर्यंत हे निस्तरेल याची खात्री नव्हती. म्हणून तिकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला मी मेल टाकायला घेतला. मनात वाक्य एकदम स्वच्छ होतं: जोपर्यंत आम्ही कन्फर्म करत नाही, तोपर्यंत जुना सर्व्हर चालू ठेवा. ते मी शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं. ‘प्लीज कीप द ओल्ड सर्व्हर रनिंग अन्टिल वी डू नॉट कन्फर्म.’ पाठवला आणि झोपलो.

शुक्रवारी साडेदहा वाजले. फरक सापडला नव्हता, म्हणून मी काहीच कळवलं नाही. माझ्या लेखी गप्प राहणं म्हणजेच ‘चालू ठेवा’. तिकडे पाच वाजून दहा मिनिटांनी त्या माणसाने जुना सर्व्हर बंद केला आणि वीकेंडसाठी घरी गेला.

शनिवारी त्यांच्या सकाळी गोदाम उघडलं तेव्हा त्या काही हजार ऑर्डरी कुठल्याच स्क्रीनवर दिसेनात. ट्रक उभे. तो माणूस फोनवर सापडून सर्व्हर परत चालू होईतो साडेचार तास गेले. माहिती पुसली गेली नव्हती, एवढंच नशीब. सोमवारच्या कॉलवर मी म्हणालो, की मी स्पष्ट लिहिलं होतं. तो माणूस आवाज अजिबात न चढवता म्हणाला, ‘यू सेड अन्टिल यू डू नॉट कन्फर्म. यू डिड नॉट कन्फर्म.’ कॉलवर अकरा जण होते. कुणीतरी म्यूट करायला विसरलं होतं, त्याचं हसू ऐकू आलं.

पुढच्या महिन्यात मी तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार होतो. मॅनेजरने बाजूला घेऊन सांगितलं, की क्लायंटला सध्या तुझ्याबद्दल तेवढा भरवसा वाटत नाही, पुढच्या वेळी बघू. आणि काही दिवस मेल पाठवण्याआधी मला दाखवत जा. ते चांगुलपणानेच म्हणाले होते. पण मेल लिहून शेजारच्या टेबलावर तपासायला न्यायचा, म्हणजे पुन्हा सातवीत. घरी मी सांगितलं, की प्रोजेक्टच बंद झाला. आप्पांनी तोवर अख्ख्या डेपोला सांगून टाकलं होतं की पोरगं इंग्लंडला चाललंय, आणि सोलापूरला जाऊन माझ्यासाठी जाड लोकरीचा स्वेटर आणला होता. तो कपाटात राहिला. बार्शीत तो घालायचा म्हणजे घाम फुटायचा.

त्या आठवड्यात रात्री बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होतो. चूक सापडत नव्हती. मग मी माझ्या धंद्यातल्या रीतीने त्याकडे बघितलं आणि हसूही आलं, रडूही.

लिनक्सवर बॅश नावाची एक भाषा असते. तिच्यात एकच काम पुन्हा पुन्हा करायला ‘व्हाइल’ आणि ‘अन्टिल’ हे शब्दही आहेत. ‘व्हाइल’ म्हणजे अट खरी आहे तोवर फिरत राहा. ‘अन्टिल’ म्हणजे अट खोटी आहे तोवर फिरत राहा, खरी झाली की थांब. आमच्या मराठी वाक्यातलं ‘जोपर्यंत’ हे ‘व्हाइल’ आहे. जोपर्यंत कन्फर्म नाही, तोपर्यंत चालू. तिथे ‘नाही’ लागतंच. ‘अन्टिल’मध्ये ते ‘नाही’ आतच बसवलेलं आहे. मी आतल्या ‘नाही’वर बाहेरून आणखी एक ‘नाही’ चढवला, आणि दोन ‘नाही’ एकमेकांना खाऊन गेले. बॅशमध्ये माझं वाक्य लिहिलं असतं तर ‘कन्फर्म नाही’ ही अट पहिल्याच तपासणीला खरी निघाली असती आणि काम एकदाही न फिरता संपलं असतं. म्हणजे माझ्या मेलप्रमाणे त्याने सर्व्हर गुरुवारी रात्रीच बंद करायला हवा होता. शुक्रवारी पाचपर्यंत थांबला हा त्याचा उदारपणा.

हे ‘अन्टिल’ मी कोडमध्ये कितीतरी वेळा बरोबर लिहिलं होतं. वाक्यात नाही.

मग मला नाद लागला. स्वतःचे जुने मेल काढून चुका शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की चुका अशातशा नाहीत, प्रत्येकीच्या मागे एक मराठी वाक्य उभं आहे. आपण एखाद्यावर रागावतो, म्हणून मी ‘अँग्री ऑन’ लिहायचो. इंग्रज ‘अँग्री विथ’ असतो. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’. इंग्रजीत मधे काही लागतच नाही. विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस ऑन’ आणि ‘डिस्कस अबाउट’. तिथेही काही नको. शाळेत सरांना शंका विचारतो, म्हणून क्लायंटला ‘आय हॅव अ डाउट’; त्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. ‘शुक्रवारपर्यंत काम करू’ यातल्या ‘पर्यंत’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. शुक्रवार उजाडेतो राबत राहू, असं असेल तर ‘टिल’. शुक्रवारच्या आत उरकून हातात देऊ, असं असेल तर ‘बाय’. मी सगळीकडे ‘टिल’ लिहून ठेवलं होतं. म्हणजे तीन वर्षं मी लोकांना काम कधी पूर्ण होईल ते न सांगता, ते किती दिवस चालेल ते सांगत होतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक फार साधी गोष्ट आहे, ती शाळेत कुणी अशी सांगितली असती तर बरं झालं असतं. ‘वाघाने शेळीला पाहिलं’, ‘शेळीला वाघाने पाहिलं’, ‘पाहिलं वाघाने शेळीला’. कसंही फिरवा, बघणारा वाघच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दांना चिकटलेले आहेत, शब्द कुठेही गेला तरी आपली ओळख बरोबर घेऊन जातो. इंग्रजीत वाघ आणि शेळीची जागा बदलली की बघणारी शेळी होते. पायथॉन लिहिणाऱ्यांना चटकन कळेल: मराठी कीवर्ड आर्ग्युमेंट घेते, इंग्रजी पोझिशनल. एकीत नाव सांगून माल द्यायचा, दुसरीत रांगेतल्या जागेवरून ओळखायचा. म्हणून इंग्रजी शब्द एकटा पाठ करणं हे आसन क्रमांक नसलेलं तिकीट घेण्यासारखं आहे. गाडीत चढाल, बसायचं कुठे?

माझ्याआधी कुणाला हे कळलं होतं का, हे शोधताना एक माणूस सापडला. ए. एस. हॉर्नबी. हा इंग्रज १९२४ साली जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेला. जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच. कर्ता-कर्माच्या खुणा नामाच्या मागे लागतात, आपल्या ‘ने’ आणि ‘ला’सारख्या. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हा प्रकार नाही. म्हणजे तिथल्या पोरांच्या अडचणी थेट बार्शीच्या पोरांच्या. त्यांच्यासाठी हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एक शब्दकोश केला. त्यात शब्दाच्या अर्थापाशी न थांबता, या क्रियापदाच्या पुढे काय येऊ शकतं आणि काय नाही, याचे साचे क्रमांक घालून दिले होते. महायुद्ध चालू असताना १९४२ साली तो टोकियोत छापला गेला. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला, आणि आज आपण ज्याला ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो ती हीच. माझ्या होस्टेलच्या खोलीत ती चार वर्षं होती. मी तिच्यातून शब्द आणि अर्थ उतरवून घेतले. साचे सोडून दिले, कारण डायरीत तीनच रकाने होते.

दुसरा माणूस जे. आर. फर्थ. हा भाषाशास्त्रज्ञ पुढे लंडनला गाजला, पण १९२० च्या दशकात तो लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. १९५७ साली त्याने एका निबंधात असं मांडलं, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्याकडे बैलांबद्दल म्हणतात, तेच त्याने शब्दांबद्दल म्हटलं. मला हे वाचून धक्का अशासाठी बसला, की हे तत्त्व मी कॉलेजात वापरलं होतं! गूगलमधल्या संशोधकांनी २०१३ साली ‘वर्डटूव्हेक’ नावाची पद्धत काढली. तिच्यात मशीनला शब्दाचा अर्थ कुणी सांगत नाही. ढिगाने वाक्यं दिली जातात, आणि कुठल्या शब्दाच्या आजूबाजूला कुठले शब्द येतात एवढ्यावरून मशीन शब्दांची नाती शिकतं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच्यावरच होता. मशीनला मी लाखो वाक्यं चारली होती आणि रात्री खोलीवर येऊन स्वतः मात्र शब्दांच्या याद्या पाठ करत होतो.

तिसरा जॉन सिंक्लेअर, बर्मिंगहॅमचा. १९८७ साली त्याच्या देखरेखीखाली कोबिल्ड नावाचा शब्दकोश निघाला. तो खऱ्या छापील आणि बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा कॉम्प्युटरवर घेऊन, त्यातून केलेला. त्यात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात सांगतात. सिंक्लेअरने दाखवलं, की ‘सेट इन’ या साध्या दिसणाऱ्या क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा काहीतरी वाईटच असतो. कुजणं सेट इन होतं, निराशा सेट इन होते. आनंद सहसा होत नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून मराठीत शोधायला लागलो. ‘माजणे’! गोंधळ माजतो, हाहाकार माजतो, अनागोंदी माजते. शांतता कधी माजलेली ऐकली आहे? शब्दकोशात ‘माजणे’च्या पुढे ‘फक्त वाईट गोष्टींसाठी’ असं कुणी आपल्याला वाचून दाखवलेलं नसतं. तरी मराठी घरातलं सहा वर्षांचं पोर त्यात चुकत नाही.

याच सुमारास आमच्या टीममध्ये चेन्नईची एक मुलगी आली. तिला मराठी शिकायची हौस. टपरीवर चहा पिताना तिने फोनमधल्या नोट्स उघडून विचारलं, ‘लागणे’ म्हणजे काय? मी म्हटलं, सोपं आहे, ‘टच’. ती म्हणाली, मग घरमालकीण म्हणते भूक लागली, ती? आणि वॉचमन म्हणाला मुलाला नोकरी लागली, ती? मी बोलायला लागलो आणि थांबताच येईना. झोप लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, लग्न लागतं, निकाल लागतो, गाडी फलाटाला लागते आणि घाटात आपल्यालाही गाडी लागते. आंबा गोड लागतो. बोलणं मनाला लागतं. तो माझा काका लागतो. रडायला लागला. तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, तुम्ही लोक हे पाठ कसं करता?

पाठ कुणी केलंय? आईने ‘भूक लागली का रे’ विचारलं तेव्हा ‘भूक’ आणि ‘लागणे’ असे दोन शब्द मी कुठे ऐकले होते? एक अख्खं वाक्य ऐकलं होतं, त्याच्यामागे भाकरी आली होती. इंग्रजीतलं ‘गेट’ मी नेमका उलटीकडून शिकलो होतो. डायरीत लिहिलं होतं: गेट, मिळणे. झालं.

त्या दिवसापासून मी नवी वही केली. एकट्या शब्दाला त्यात प्रवेश नाही. वाक्य ऐकलं किंवा वाचलं तसं पूर्ण उतरवायचं, कोण कुणाला म्हणालं तेही लिहायचं. रोज पाच वगैरे काही नाही. कधी आठवड्यात एकच मिळतं. आजकाल फोनवर रील येतात, ‘व्हेरी टायर्ड म्हणू नका, त्याऐवजी हा भारी शब्द म्हणा’. तोंडावर दिवा, मागे निऑनची पाटी, तीस सेकंदांत पाच शब्द. ते बघितलं की मला पाण्याचं आठवतं. लाखो पोरं ते सेव्ह करून ठेवतात, बहुतेक माझ्यासारखीच, छोट्या गावची, आणि सांगणाऱ्याला त्यांच्या पाण्याचं काही पडलेलं नसतं. कठीण शब्दांनी आजवर माझं काही बिघडलं नाही, ते वापरायची वेळच येत नाही. बिघडवलं ते ‘अन्टिल’, ‘बाय’, ‘टिल’, ‘ऑन’ यांनी, जे सहावी-सातवीत ‘सोपे’ म्हणून मागे टाकले होते.

वर्षभराने मेल तपासायला न्यायचं बंद झालं. कधी बंद झालं ते नेमकं आठवत नाही, मॅनेजर एक दिवस ‘डायरेक्ट पाठव रे’ म्हणाले. इंग्लंडला मात्र अजून गेलेलो नाही.

आप्पा गेल्या वर्षी रिटायर झाले. दिवाळीला घरी गेलो तर त्यांनी कपाट आवरायला काढलं होतं. स्वेटर निघाला, आणि त्याच्या खाली पतसंस्थेची डायरी. स्वेटर हातात घेऊन ते म्हणाले, ‘ती कंपनी परत काय बोलली न्हाई का रं?’ मला वाटलं, आता पुरे. मी सांगून टाकलं. प्रोजेक्ट बंद झाला नव्हता, मी एक वाक्य चुकीचं लिहिलं म्हणून माझं जाणं रद्द झालं.

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘कंचं वाक्य?’

मी सांगायला लागलो, पण सर्व्हर, कन्फर्म वगैरे काही पोचेना. मग म्हटलं, ‘समजा आप्पा, गाडी स्टँडवर उभी आहे, पॅसेंजर चढतायत. तुम्हाला ड्रायव्हरला सांगायचंय, की तुमची बेल झाल्याशिवाय हलवू नको. तर मी इंग्रजीत असं लिहिलं, की जोपर्यंत मी बेल देत नाही, तोपर्यंत...’

‘आसं कोण बोलतं?’ आप्पा म्हणाले.

‘म्हणजे?’

‘जोपर्यंत, तोपर्यंत. पुस्तकात आसतं ते. आपण काय म्हणतो? मी बेल देईस्तोवर गाडी थांबीव.’

मी तसाच बसून राहिलो. देईस्तोवर. येईस्तोवर, होईस्तोवर, सांगेस्तोवर. यात ‘नाही’ नाहीच. ‘नाही’ त्या ‘स्तोवर’च्या पोटात. ‘आम्ही सांगेस्तोवर सर्व्हर चालू ठेवा.’ एवढंच मनात आलं असतं आणि शब्दाला शब्द इंग्रजीत गेलं असतं, तर एकही अक्षर चुकलं नसतं. मी आमच्या घरच्या मराठीतून भाषांतर केलंच नव्हतं. इंग्रजी लिहायचं म्हणून आधी मनातल्या मनात पुस्तकी मराठी केली होती, आणि तिची इंग्रजी. अबस्काँडिंगच्या वेळी अक्कल दाराबाहेर ठेवली होती म्हणालो ना, इथे मी दाराबाहेर आप्पांनाच ठेवलं होतं.

मी फोन काढून नव्या वहीचं पान उघडलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मी काय लिहितोय ते त्यांनी वाकून बघितलं. मग भिंतीला टेकून बसले आणि जुनी डायरी मांडीवर घेतली. बोट ओलं करून पानं उलटत सातवीच्या पानांपाशी आले, चष्मा वर केला.

‘हां. पर्यंत?’

‘अन्टिल.’

‘स्पेलिंग?’

‘यू, एन, टी, आय, एल.’

‘एकच एल?’

‘एकच.’